दुर्लक्षित संघाचें बळ

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा तक्ता लागला म्हणजे बहुतेकांची दृष्टि प्रथम मुंबई-ठाण्याच्या नांवाजलेल्या महाविद्यालयांकडे जाते. शहापूर किंवा मुरबाड हें नांव तक्त्यांत दिसलें, तरी पुढच्या फेरीचा हिशेब करतांना तें आधींच वगळलें जातें. या वगळलेल्या नांवाविषयीं आज दोन शब्द बोलावयाचे आहेत. आणि खेळ अर्थातच आपला कबड्डीचा आहे.

शहापूर तालुका मुंबईकरांना ठाऊक आहे तो पाण्यामुळें. तानसा तलावाचें पाणी १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत आहे. मुरबाड ठाऊक आहे तें माळशेज घाटाच्या वाटेवरचें गांव म्हणून. परंतु शहापुरास सोनूभाऊ बसवंत महाविद्यालय आहे, मुरबाड तालुक्यांत शिवळें येथें शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय आहे, आणि हीं दोन्हीं मुंबई विद्यापीठाशीं संलग्न आहेत. म्हणजे ज्या मुलानें गांवच्या मातींत दम घुमविला, त्याची गांठ महानगरांतल्या सुसज्ज संघाशींच पडावयाची. अशा सामन्यांत दुबळा समजला जाणारा संघ जिंकूं शकतो काय?

प्रथम साधा हिशेब पाहूं. समजा, एका संघाची जिंकण्याची शक्यता चारांत एक आहे. तीन सामन्यांपैकीं दोन जिंकावयाचे असतील, तर ही शक्यता शंभरांत सुमारें सोळावर येते. एकाच सामन्यावर निकाल असेल, तर ती शंभरांत पंचवीस राहते. बाद पद्धतीची स्पर्धा ही या अर्थानें लहानांची मैत्रीण आहे. अमेरिकेंतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या स्पर्धेंत सोळाव्या मानांकनाचा पुरुष संघ पहिल्या मानांकनाच्या संघाशीं १३५ वेळां लढला व १३५ वेळां हरला. पुढें १६ मार्च २०१८ रोजीं मेरीलँड-बाल्टिमोर परगण्याच्या विद्यापीठानें व्हर्जिनियास ७४-५४ असें हरविलें.

आपल्या खेळांतहि असें घडलें आहे. २०१६ सालच्या विश्वचषकांत अहमदाबाद येथें दक्षिण कोरियानें पहिल्याच सामन्यांत भारतास ३४-३२ असें नमविलें. २०१८ मध्यें जकार्ता येथील आशियाई स्पर्धेच्या उपांत्य फेरींत इराणनें भारतीय पुरुषांवर २७-१८ अशी मात केली. १९९० पासून सुवर्णपदक भारताकडेच होतें. तें त्या वर्षीं गेलें. हे विजय केवळ दैवाचे नव्हते. कोरियाचे व इराणचे कांहीं खेळाडू आपल्याच व्यावसायिक स्पर्धेंत खेळून आपल्या चढाईपटूंच्या खोडी जाणून गेले होते. त्यांना आपण माहीत होतों. आपणांस ते पुरेसे माहीत नव्हते.

हीच गोष्ट ग्रामीण संघाच्या बाजूची आहे. नामांकित संघाचे सामने सर्व जण पाहतात. शहापूर-मुरबाडच्या संघाचा डावा कोपरारक्षक घोटा धरतो कीं मांडी, हें पाहावयास कोण जातो? शिवाय खेळाचे नियमहि धीर देणारे आहेत. मैदानांत तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असतां चढाईपटूस धरलें, तर त्या अव्वल पकडीचे दोन गुण मिळतात. म्हणजे हरत आलेल्या बाजूसच उलटण्याची संधि अधिक. पकड ही एकट्याच्या बळावर साधत नाहीं. कोपऱ्यानें घोटा धरतांच शेजाऱ्यानें झेप घ्यावी लागते, आणि साखळींतला हात क्षणभरहि सुटतां कामा नये. लहानपणापासून एका अंगणांत एकत्र खेळलेल्या मुलांना हें डोळ्याच्या इशाऱ्यानें कळतें. निरनिराळ्या ठिकाणांहून गोळा केलेल्या सात गुणी खेळाडूंना तें शिकावें लागतें.

मात्र एवढ्यावरून विजय ठरलाच, असें समजूं नये. मोठे सामने आतां मॅटवर, पायांत बूट घालून होतात. मातींत अनवाणी खेळणाऱ्याचा पाय थोडा घसरतो, आणि त्या घसरण्याचा हिशेब त्याच्या अंगांत मुरलेला असतो. मॅटवर पाय चिकटतो. वळण घेतांना गुडघ्यावर ताण येतो, निसटून जाण्याची नेहमींची युक्ति अर्धवट राहते, आणि हें सारें त्याला प्रथम कळतें तें प्रत्यक्ष सामन्यांत! तोंवर लोण चढलेला असतो. हा पराभव खेळाचा नसून सरावाचा असतो. पण गुणपत्रकांत तसें कोणी लिहीत नाहीं.

दुसरी अडचण दिनक्रमाची. आषाढांत भाताची लावणी, दिवाळीच्या सुमारास कापणी. या दिवसांत घरीं हात हवा असतो. मुरबाडच्या आडगांवांतील विद्यार्थ्यानें सायंकाळीं सरावास थांबावें, तर शेवटची एस्‌टी चुकते. मुलींच्या बाबतींत तर ही चुकलेली गाडी म्हणजे पुष्कळदां खेळाचाच शेवट असतो.

तेव्हां करावें काय? तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद एवढेंच हें क्रीडांगण. एका तालुक्यांत एक मॅट, सर्व शाळा-महाविद्यालयांनीं पाळीपाळीनें वापरावयाची, ही मागणी अवास्तव नाहीं. सराव सकाळच्या तासांपूर्वीं घेतां येईल. शहरांतील महाविद्यालयांनीं वर्षांतून एकदां आपला संघ शहापुरास वा शिवळ्यास मैत्रीच्या सामन्यासाठीं धाडावा. त्यांत त्यांचाहि लाभ आहे, कारण अनोळखी प्रतिस्पर्ध्याइतका घातक दुसरा कोणी नसतो.

आणि श्रोतेहो, आपल्याकडूनहि एक अपेक्षा आहे. पुढील वेळीं तक्ता पाहाल, तेव्हां तळाच्या नांवांचा सामना केव्हां व कोठें आहे हें पाहून ठेवा, आणि तेथें जा. कसारा लोकलनें आसनगांवाहून पहांटे निघालेल्या त्या सात गड्यांना टाळ्यांची भीक नको आहे. आपली पकड कोणीतरी जाणत्या डोळ्यांनीं पाहावी, एवढीच त्यांची इच्छा असते.