फांदी कुठे कापायची

भोर-वेल्ह्याच्या गावागावांतून आलेल्या पालकांनो आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

माझा व्यवसाय झाडांची निगा राखण्याचा. शहरात आम्हाला आर्बोरिस्ट म्हणतात. डोक्याला हेल्मेट, कमरेला हार्नेस बांधून दोरावरून झाडावर चढायचे आणि सुकलेल्या, किडलेल्या फांद्या उतरवायच्या. बुंध्याभोवतीचे सिमेंट फोडून माती मोकळी करायची. झाड राखायचे की काढायचे, हे नीट तपासून मालकाला सांगायचे.

दर पावसाळ्यात आपण रोपे लावतो. ते चांगलेच आहे. पण जी झाडे आपल्या पणजोबांच्या काळापासून उभी आहेत, त्यांच्याकडे लक्ष देणे हे कोणाचेच काम नाही, असे होऊन बसले आहे. भोर-वाई रस्त्याच्या कडेचे जुने वड आठवा. काही रुंदीकरणात गेले. जे उरले, त्यांच्या बुंध्यापर्यंत डांबर आले आहे, शेजारून चर खणले गेले आहेत. झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. जेसीबीने पाइपलाइनसाठी चर मारला की ती तुटतात. झाड त्या दिवशी पडत नाही. पुढची काही वर्षे ते हिरवे दिसते, एका वादळात आडवे होते आणि आपण वाऱ्याला दोष देऊन मोकळे होतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत आदेश दिला होता की बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढावे. दिल्लीच्या झाडाला लागते ते भोरच्या झाडालाही लागते.

सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा वड तुमच्यापैकी काहींनी बातम्यांत पाहिला असेल. सुमारे चारशे वर्षांचा, यल्लम्मा मंदिराजवळचा. २०२० मध्ये तो महामार्गाच्या आड येत होता. लोक त्याच्यासाठी उभे राहिले आणि रस्त्याची आखणी बदलली. राज्यभर आनंद झाला. काही वर्षांनी ते झाड कोसळले. इतक्या जुन्या झाडाला वाचवल्यानंतरही दरवर्षी कोणीतरी त्याची मुळे, खोड, फांद्यांचा भार पाहत राहावे लागते. आंदोलनासाठी माणसे मिळतात. या कामाची माणसे आपल्याकडे फार थोडी आहेत.

आता थोडे शास्त्र. अमेरिकेच्या वनविभागात ॲलेक्स शायगो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी साखळी-करवतीने हजारो झाडे उभी चिरून आत पाहिले. त्यांना दिसले की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. जखमेभोवती झाड आतून भिंत घालते, कुज तिथेच अडवते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. आतली जखम मात्र जन्मभर राहते. म्हणून फांदी कुठे कापायची, याला इतके महत्त्व आहे. फांदी खोडातून निघते तिथे सुजल्यासारखे एक कडे असते. ते राखून, त्याच्या लगेच बाहेर काप घ्यायचा. खोडाला अगदी घासून कापले तर ते कडेच जाते आणि कुज खोडात शिरते. हातभर खुंट सोडला तर तो वाळतो, सडतो. जड फांदी वरून एकदम कापली तर ती पडताना खोडाची साल सोलत नेते. म्हणून आधी थोडे लांब, खालून अर्धवट काप, मग त्याच्या जरा पुढे वरून काप, ओझे उतरले की शेवटी कड्याजवळचा काप. तारांना लागतो म्हणून झाडाचा शेंडा उडवणे सर्वांत वाईट. तिथून फुटणारे धुमारे वरवर चिकटलेले असतात, जाड झाले की तेच माणसांच्या अंगावर येतात.

हे सगळे परदेशी वाटत असेल, तर घरी जाऊन आजोबांना विचारा. भाताच्या रोपासाठी फांद्या-पाला जाळून राब भाजायचा, तेव्हा ऐन-किंजळावर कोयता घेऊन कोण चढत असे? जाणता माणूस झाडाला झेपेल तेवढेच तोडायचा, कारण पुढच्या वर्षी त्याच झाडाकडे यायचे असे. काही ठिकाणी अतिरेकही झाला, हे खरे. पण चढण्याची, पाय रोवण्याची, फांदी कुठे पडेल हे आधी ओळखण्याची विद्या या मावळांत आहे. वेल्ह्याच्या मोहरी गावाजवळून लिंगाण्यावर जाणारे गिर्यारोहक दोराला जीव टांगतात. दोराची सवय असलेली मुले-मुली याच तालुक्यांत आहेत. त्यांना झाडाचे शास्त्र शिकवले तर पुण्याच्या सोसायट्यांपासून आपल्या ग्रामपंचायतींपर्यंत काम आहे, आणि त्या कामाचा योग्य मोबदला मागायला त्यांनी मुळीच संकोच करू नये.

या कामात न कापणेही शिकावे लागते. देवराईतला पोकळ बेहडा तसाच राहू द्यायचा. त्याच्या ढोलीत धनेश घरटे करतो, आणि साल व तिच्याखालचा थर जिवंत असेल तर पोकळ झाडही वर्षानुवर्षे उभे राहते. तेच झाड शाळेच्या फाटकावर असते तर मी वेगळा सल्ला दिला असता, कारण तिथे खाली मुले उभी असतात.

कायदेही आहेत. भोर नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू होतो. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. गावांत १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. आंबा, फणस, चिंच, हिरडा, ऐन, किंजळ अशी झाडे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. परवानगीचा कागद सरकारी कार्यालयातून मिळेल. फांदी नीट कापणारे हात मात्र आपल्यालाच तयार करायचे आहेत.

माझ्या गाडीत दोर, हार्नेस आणि हातकरवत आहे. मैदानाच्या कडेच्या चिंचेला एक वाळलेली फांदी आहे, ती उतरवायला मुख्याध्यापकांनी होकार दिला आहे. बक्षीस समारंभ झाला की ज्यांना यायचे त्यांनी या. दोरीचे कुंपण घालू, त्याच्या आत फक्त हेल्मेटवाले. दहावीतल्या ज्या मुला-मुलींना दोर धरायचा असेल, त्यांनी आताच सरांकडे नावे द्या.