हार नेमकी कुठे झाली?

(महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मघाशी खाली चहा घेताना दोघा-तिघांनी मला विचारलं, ‘भाई, एमएमएवर बोलणार म्हणजे खबीबवरच बोलणार ना?’ नाही. खबीब मलाही आवडतो. पण खबीब नुर्मागोमेदोव २९ लढती लढला, २९ जिंकला आणि २०२० साली अबू धाबीत शेवटची लढत जिंकून निवृत्त झाला. त्याच्याकडून शिस्त शिकता येईल. हरल्यावर काय करायचं, हे मात्र त्याच्या लढतींमधून कळत नाही, कारण ती वेळ तिथे त्याच्यावर आलीच नाही. आपल्यावर ती दर सेमिस्टरला येते. म्हणून आज मी हरलेल्यांबद्दल बोलणार आहे. ज्यांच्याविषयी लोकांनी ‘हा संपला’ असं ठरवून टाकलं होतं आणि तरीही जे वर आले, अशांबद्दल.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए, यात ठोसे, लाथा, कुस्ती, जुजुत्सू असं सगळं एकाच लढतीत चालतं. जाळीच्या पिंजऱ्यात पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, विजेतेपदाची लढत असेल तर पाच. त्यामुळे तुमचा ठोसा कितीही जबरदस्त असो, तुम्ही ज्या गोष्टीत कच्चे आहात, समोरचा तुम्हाला बरोबर तिथेच ओढून नेतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिला माणूस फ्रान्सिस एनगानू. जन्म १९८६, कॅमेरूनमधलं बातिए नावाचं गाव. आईवडील वेगळे झालेले, घरात पैसा नाही. शाळेच्या वयात हा मुलगा वाळूच्या खाणीत फावडं मारत होता. मुष्टियुद्ध शिकायला लागला तेव्हा वय २२. ज्या वयात खेळाडूंच्या नावावर पदकं असतात, त्या वयात याने पहिल्यांदा हातमोजे घातले. २०१२ मध्ये तो घर सोडून युरोपकडे निघाला. सहारा वाळवंट ओलांडलं, मोरोक्कोत अडकला, समुद्र पार करायचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसले. शेवटी स्पेनला पोहोचला तर तिथे कोठडीत टाकलं. सुटून २०१३ मध्ये पॅरिसला आला आणि सुरुवातीला एका पार्किंगमध्ये झोपला. व्हायचं होतं बॉक्सर, पण तिथल्या प्रशिक्षकांनी त्याला एमएमएकडे वळवलं. त्याच वर्षाच्या अखेरीस पहिली लढत आणि २०१५ मध्ये यूएफसीत प्रवेश.

तुम्ही पाहिलेली रील साधारण इथे संपते. गरीब मुलगा, मोठं स्वप्न, मागे संगीत. पण मला जी गोष्ट सांगायची आहे ती इथून पुढे सुरू होते.

डिसेंबर २०१७ मध्ये एनगानूने अलिस्टेअर ओव्हरीमला एका ठोशात असं पाडलं की सगळे म्हणाले, आता याला कोण अडवणार? पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०१८ मध्ये, बॉस्टनला विजेतेपदाची लढत होती. समोर स्टीपे मिओचिच. मिओचिचने पहिल्या फेरीतले ठोसे चुकवले, सोसले आणि मग त्याला पुन्हा पुन्हा खाली पाडून वरून दाबून ठेवलं. पहिल्या फेरीनंतर एनगानूचा दम संपला होता. पाच फेऱ्या झाल्या आणि तिन्ही पंचांनी मिओचिचला विजयी ठरवलं. मुष्टियुद्धावर वाढलेल्या माणसाला कुस्तीने हरवलं.

याहून वाईट पुढे होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये डेरिक लुईसविरुद्ध तीन फेऱ्या तो जवळजवळ नुसता उभा राहिला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. हरला तो हरलाच, वर लोक म्हणाले, याच्या डोक्यात हवा गेली होती, आता खेळ खलास. मागच्या लढतीची भीती मी या लढतीत घेऊन आलो होतो, असं त्याने नंतर स्वतःच कबूल केलं.

त्यानंतरच्या चार लढती त्याने अनुक्रमे ४५, २६, ७१ आणि २० सेकंदांत जिंकल्या. चारही मिळून तीन मिनिटं भरत नाहीत. तरी शंका तशीच राहिली. ठोसा आहे हे कळलं, पण कुस्तीचं काय? मार्च २०२१ मध्ये लास वेगासला पुन्हा मिओचिच समोर आला. पहिल्या फेरीत मिओचिच त्याच जुन्या वाटेने गेला, पाय धरून पाडायला. या वेळी एनगानू पडला नाही. त्याने पकड थोपवली आणि उलट त्याच्यावरच चढला. घाई केली नाही, दम राखला. दुसऱ्या फेरीत मिओचिच आडवा झाला आणि एनगानू विजेता झाला.

आणि जानेवारी २०२२ ची लढत तर तुम्ही शोधून पाहाच. समोर सिरिल गान. एनगानूच्या गुडघ्याला दुखापत होती, सुरुवातीच्या फेऱ्यांत तो मागे पडला होता. तिसऱ्या फेरीपासून त्याने काय केलं? गानला उचलून खाली पाडायला सुरुवात केली. चार वर्षांपूर्वी ज्या कुस्तीने त्याला हरवलं, त्याच कुस्तीवर त्याने विजेतेपद राखलं.

आता थोडं माझं. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, तेव्हा मला एम-थ्रीची केटी लागली. इथे इंजिनिअरिंगचे हसणारे चेहरे दिसतायत, त्यांना एम-थ्री म्हणजे काय ते माहीत आहे. परीक्षा पुन्हा दिली, पुन्हा नापास. घरी अम्मी काही बोलायची नाही, पण नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली, ‘इसके बस का नहीं है.’ आणि खरं सांगतो, मलाही तसंच वाटायला लागलं होतं. मी काय करत होतो? रात्री जागायचो. पहिल्या वेळी चार तास, दुसऱ्या वेळी सहा तास. पण वाचायचो तेच धडे, जे मला आधीपासून येत होते. ते सोडवताना बरं वाटायचं.

एका सीनियरने मला विचारलं, ‘पेपर नेमका कुठे गेला?’ मला सांगता येईना. त्याने उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवायला लावली. ती हातात आली तेव्हा कळलं की दोन धड्यांवरचे प्रश्न मी जवळपास कोरे सोडले होते. दोन्ही वेळा तेच दोन धडे. मी गणितात हरलो नव्हतो, त्या दोन धड्यांत हरलो होतो. तिसऱ्यांदा पास झालो. गुण काठावरचेच होते, त्यात बढाई मारण्यासारखं काही नाही. पण आज सॉफ्टवेअर बंद पडतं, तेव्हा मी पहिला प्रश्न तोच विचारतो: नेमकं कुठे? ‘सिस्टिम खराब आहे’ हे उत्तर कुणाच्याच उपयोगाचं नसतं.

एनगानूने बॉस्टनच्या पराभवातून हे शोधलं. ‘मी लढवय्या नाही’ असं त्याचं उत्तर नव्हतं. ‘मला कुस्ती थोपवता येत नाही आणि दम पुरत नाही’ असं होतं. पहिल्या वाक्यावर काही इलाज नाही. दुसऱ्यावर तालमीत घाम गाळता येतो.

दुसरा माणूस ग्लोव्हर टेशेरा. ब्राझीलच्या एका छोट्या गावचा. तरुणपणी कागदपत्रांशिवाय मेक्सिकोमार्गे अमेरिकेत पोहोचला आणि कनेटिकटमध्ये लोकांच्या बागांची कामं करू लागला. पुढे व्हिसाच्या अडचणीमुळे काही वर्षं ब्राझीलमध्येच अडकून पडला. यूएफसीतली पहिली लढत २०१२ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी. २०१४ मध्ये विजेतेपदासाठी जॉन जोन्सशी लढला आणि हरला. २०१६ मध्ये अँथनी जॉन्सनने त्याला १३ सेकंदांत झोपवलं. २०१८ मध्ये आणखी एक पराभव. तेव्हा वय ३८. आपल्याकडे असं कुणी असतं तर आपण म्हटलं असतं, ‘काका, आता मुलांना शिकवा.’

२०१९ पासून टेशेरा सलग पाच लढती जिंकला आणि ३० ऑक्टोबर २०२१ ला अबू धाबीत यान ब्लाखोविचला हरवून विजेता झाला. दोन दिवसांपूर्वी त्याचा ४२ वा वाढदिवस झाला होता. या सहा विजयांपैकी चार त्याने गळा आवळून मिळवले. म्हणजे वयाबरोबर वेग कमी झाला, तेव्हा तरुणांशी ठोशांची स्पर्धा करत न बसता लढत जमिनीवर न्यायची, जिथे वीस वर्षांचा अनुभव चालतो. त्यातल्या काही लढतींत आधी त्याने चांगलाच मार खाल्ला होता.

पुढच्याच वर्षी सिंगापूरमध्ये, शेवटच्या फेरीचे २८ सेकंद उरले असताना, त्याने विजेतेपद गमावलं. २०२३ च्या जानेवारीत रिओमध्ये पुन्हा हरला आणि तिथेच निवृत्त झाला. पण त्याच्याकडे सराव करणारा ॲलेक्स परेरा त्याच वर्षी त्याच वजनी गटाचा विजेता झाला. काका खरंच मुलांना शिकवू लागले, फक्त लोकांनी सांगितलेल्या वेळी नाही.

तिसरं नाव मी थोडं दबकत घेतो. मायकल बिस्पिंग, इंग्लंडचा. वर्षानुवर्षं ‘चांगला आहे, पण विजेता नाही’ असाच शिक्का. जून २०१६ मध्ये दुसऱ्याच्या जागी, फक्त १७ दिवस आधी बोलावणं आलं. समोर ल्यूक रॉकहोल्ड, ज्याने त्याला आधी हरवलेलं होतं. बिस्पिंगने पहिल्याच फेरीत त्याला पाडलं आणि विजेता झाला. पण या गोष्टीची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. २०१३ च्या एका लढतीनंतर त्याच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. तो त्या डोळ्याने जवळजवळ आंधळा होता आणि हे लपवून लढत राहिला. तो डोळा गेला तो गेलाच. ही जिद्द आहे, मान्य. पण लहान भावाने असं केलेलं मला चालणार नाही. शरीर किंवा मन दुखत असेल तर लपवू नका, डॉक्टरकडे जा.

बिस्पिंगची शेवटची लढत नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला झाली. तोही हरला. त्याच रात्री, त्याच पिंजऱ्यात, आपल्या महाराष्ट्राचा भरत खंडारे उतरला होता. यूएफसीत लढणारा पहिला भारतीय नागरिक. पहिल्याच फेरीत हरला. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर बरेच जण हसले. जून २०२४ मध्ये उत्तर प्रदेशची पूजा तोमर यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. खंडारेवर हसणाऱ्यांपैकी किती जण कधी आखाड्यात उतरले होते, मला माहीत नाही.

आता दोन गोष्टी प्रामाणिकपणे. पहिली, मेहनत केली की यश मिळतंच असं मी म्हणणार नाही. एका एनगानूमागे त्या वाळवंटात आणि त्या समुद्रात राहिलेले किती असतील, त्यांच्यावर कुणी भाषण देत नाही. आणि खुद्द एनगानू? ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याने मुष्टियुद्धात टायसन फ्युरीला खाली पाडलं, तरी लढत गमावली. सुमारे साडेचार महिन्यांनी अँथनी जोशुआने त्याला दुसऱ्या फेरीत बाद केलं. एकदा सावरलं म्हणजे कायमचं झालं, असं नसतं.

दुसरी, प्रत्येक हार तुमच्या कमतरतेमुळे नसते. टेशेराचा व्हिसा अडला, त्यात त्याच्या कुस्तीचा दोष नव्हता. तुमच्यापैकी कुणाला आडनाव पाहून घरमालकाने खोली नाकारली असेल, तर तो तुमचा नापास झालेला पेपर नाही. त्याच्याशी एकट्याने नाही, सगळ्यांनी मिळून, कायद्याच्या मार्गाने लढायचं असतं. पण त्या रागात आपले ते दोन कोरे धडे विसरायचे नाहीत. दोन्ही हिशेब वेगळे ठेवा. एकाचं खापर दुसऱ्यावर फोडलं की दोन्ही तसेच राहतात.

शेवटचं. आपल्याला एक शब्द दोन्ही भाषांत मिळाला आहे. मराठीत तालीम म्हणजे पैलवानांचा आखाडा. घरात आपण जी उर्दू ऐकतो, तिच्यात तालीम म्हणजे शिक्षण. अम्मी ‘तालीम पूरी करो’ म्हणायची, तेव्हा मला फक्त डिग्री ऐकू यायची. आता दोन्ही अर्थ ऐकू येतात. रोज कुणीतरी आपल्याला पाडतं, आणि उस्ताद विचारतो, पाय कुठे चुकला?

आज घरी गेल्यावर एवढंच करा. तुमचा शेवटचा पराभव आठवा. परीक्षा असेल, इंटरव्ह्यू असेल, काहीही. एका कागदावर एकच ओळ लिहा: नेमकं कुठे? लिहिता आलं नाही, तर खरं बोलणाऱ्या एखाद्या माणसाला विचारा. ‘मी नालायक आहे’ असं उत्तर आलं तर ते खोडा आणि पुन्हा लिहा.

प्रश्न असतील तर विचारा. खबीबवरचेही चालतील.