वहिवाट आणि मालकी
(ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



आमचे आयुष्य खडू-फळ्यात गेले; आम्ही कायदेपंडित नव्हे. तथापि गावात कोणास नोटीस आली की ती वाचून दाखविण्याचे काम आमच्याकडे येते. तेव्हा घरोघरी एकच वाक्य ऐकू येते : 'मास्तर, बारा वर्षांवर वहिवाट आमची; जागा आमचीच!' या समजुतीविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत.

कायद्यात प्रतिकूल कब्जाचे तत्त्व आहे खरे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यान्वये खाजगी मालकाने १२ वर्षांत व सरकारने ३० वर्षांत ताब्याचा दावा न केल्यास त्याचा हक्क लोपतो. असा कब्जेदार स्वतः वादी होऊनही मालकी मागू शकतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला. परंतु ही वहिवाट उघड, अखंड आणि मालकाचा हक्क नाकारणारी असावी लागते. ते सिद्ध करण्याचा भार कब्जेदारावरच असतो. घरपट्टीच्या पावत्या ताबा दाखवितात, मालकी नव्हे. परवानगीने राहणारा वा खंड भरणारा कितीही वर्षे राहिला, तरी तेवढ्याने मालक होत नाही.

आमच्या वाडवडिलांनी खोतांच्या शेतांत पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळला. त्या वहिवाटीने जमीन त्यांची झाली नाही. त्यासाठी अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांना नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे संप करावा लागला. पुढे १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कुळांनी जमीन विकत घेतली असे मानले गेले. १९७० साली सिडको स्थापन झाली व नव्या शहरासाठी त्याच जमिनी संपादिल्या गेल्या. १९८४ च्या जानेवारीत पाच जण हुतात्मे झाले, तेव्हा कोठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा मार्ग मोकळा झाला. हक्क मिळाला तो लढ्याने आणि लेखाने.

आता एक घरची गोष्ट. वडिलांच्या पश्चात राहते घर आम्हीच सांभाळले. चाळीस वर्षांत ते आमचे एकट्याचे झाले, असे मानीत होतो. पण एका वारसाचा ताबा हा सामान्यतः सर्वांच्या वतीने समजला जातो, हे वाचले आणि आम्ही मनोमन ओशाळलो. भगिनीने कधी काही मागितले नव्हते. म्हणून तिचा हक्क संपला नव्हता. गेल्या वर्षी वारसनोंदीत तिचे नाव लावून घेतले. ती एवढेच म्हणाली, 'दादा, माहेर राहिले.'

बांधवहो, घरी जाऊन आपापले कागद पाहा, जाणत्या वकिलास दाखवा आणि त्यांत बहिणीचे नाव आहे की नाही, तेही पाहा.