डबा, गोटे आणि एक सोबती



मोहफुलांच्या दिवसांत मोठी माणसं पहाटेच रानात जातात आणि घरी लेकरांचा घोळका उरतो. त्यातलं एखादं बाजूला बसून खेळण्यातल्या गाडीचं चाक फिरवत राहतं. हाक मारली तरी वळत नाही, बोट दाखवलं तिकडे पाहत नाही. कुणी त्याला मुकं म्हणतं, कुणी आईला बोल लावतं. हे स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं, लक्षण असू शकतं, आणि त्यात आईचा काडीचाही दोष नसतो.

अशा मुलाला खेळायचंच नसतं, हा समज चुकीचा आहे. डाव कसा चालतो हे बाकीची मुलं बघून शिकतात. त्याला ते उलगडून दाखवावं लागतं. संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ साली मुलांच्या खेळाचे टप्पे मांडले: एकट्यानं, शेजारीशेजारी, मग मिळून. आपण मुलाला थेट लगोरीच्या गलक्यात ढकलतो आणि ते रडलं की नाद सोडतो.

त्याऐवजी पत्र्याचा डबा घ्या आणि तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे पाच-सहा गोटे. त्याच्याजवळ बसा, एक गोटा डब्यात टाका. दुसरा त्याच्या हातात देऊन म्हणा, "आता तुझी पाळी." मग थांबा. हे थांबणंच आपल्याला जड जातं. आपण त्याचा हात धरून गोटा टाकायला लावतो. तसं करू नका. काही मुलांना पत्र्याचा आवाज सोसत नाही, त्यांच्यासाठी बांबूची टोपली घ्या. गोटे संपले की डाव संपला. शेवट डोळ्यांना दिसतो, म्हणून मूल धीर धरतं.

हे जमलं की त्याच्या बहिणीला समोर बसवा, तिला एकटीलाच. तिलाही शिकवा: नाव घे, एकदाच सांग, वाट बघ. घरी माडिया किंवा गोंडी बोलत असाल तर त्याच भाषेत बोला, रोज तेच शब्द वापरा.

खेळाच्या जोडीला तपासणीही करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं. स्वमग्नता त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ती दिव्यांगत्वात धरली आहे. भामरागड तालुका असो की मूल तालुका, पथक येईल त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. डॉक्टरांना सांगा, "हा हाकेला वळत नाही, कुणाबरोबर खेळत नाही," आणि पुढे कुठे जायचं ते लिहून घ्या.