चिखल्याच्या उन्हात न्यू गिनीचं झुडूप

(ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोललं तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं काढलंय.)

आज मी तुम्हाला माझी एक फजिती सांगणार आहे. 2100 रुपयांची फजिती. आणि ते पैसे माझे नव्हते, आईचे होते. तिने बचत गटातून उचललेले.

मी चिखल्याची. भंडारा जिल्हा, तुमसर तालुका. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी गावाचं नाव ऐकलं नसेल, पण आमच्या जमिनीखाली मँगनीज आहे आणि मॉईलची भूमिगत खाण आहे. आजूबाजूला धानाची शेती आणि साग, मोह, तेंदू, पळसाचं जंगल. आता अशा गावात बसून मी फोनवर काय बघत होते? बेगोनिया!

एका रीलमध्ये ते झाड दिसलं. गडद हिरवं पान आणि त्यावर गुलाबी पट्टे, जणू कुणी ब्रश फिरवलाय. नाव, बेगोनिया ब्रेव्हिरिमोसा. बेगोनिया म्हटलं की आपल्याला नर्सरीतलं छोटंसं, फुलांनी भरलेलं रोप आठवतं. हे तसं नाही. हे सरळ उभं वाढतं, फांद्या फुटतात, चांगलं झुडूप होतं. मी विचार केला, तीन रोपं घ्यायची, फांद्या कापून नवीन रोपं करायची आणि विकायची. आईला पटवलं. मार्च संपता संपता पार्सल आलं. विकणाऱ्याने लिहिलं होतं, "घरात कुठेही वाढतं." मी विश्वास ठेवला. ते झाड मुळात कुठलं आहे, हा साधा प्रश्न काही मी विचारला नाही.

तर आधी तेच सांगते. हे झुडूप न्यू गिनी बेटावरच्या पावसाळी जंगलातलं. ग्रीनलंडनंतरचं जगातलं सगळ्यात मोठं बेट. पश्चिमेचा अर्धा भाग इंडोनेशियात, पूर्वेचा पापुआ न्यू गिनी देशात. 2020 साली 99 शास्त्रज्ञांनी मिळून तिथल्या वनस्पतींची यादी केली, तर 13,634 प्रजाती निघाल्या. एवढ्या प्रजाती जगातल्या दुसऱ्या कुठल्याच बेटावर नोंदलेल्या नाहीत. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश तर फक्त तिथेच सापडतात. या झुडपाला शास्त्रीय नाव दिलं जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एडगर इर्मशर यांनी, 1913 साली.

आणि 'बेगोनिया' हे नाव? शार्ल प्ल्युमिए नावाचा एक फ्रेंच धर्मगुरू होता, झाडांचा अभ्यासक. त्याने कॅरिबियन बेटांवर ही झाडं पाहिली आणि मिशेल बेगों या फ्रेंच अधिकाऱ्याचं नाव त्यांना दिलं. गंमत म्हणजे पुढे त्या प्ल्युमिएचंही नाव एका झाडाला मिळालं, प्लुमेरिया. म्हणजे आपल्या देवळासमोरचा चाफा! बेगोनियाच्या आज दोन हजारांहून जास्त प्रजाती माहीत आहेत.

बरं, आता फजितीकडे येऊ.

एप्रिलच्या शेवटी पहिल्या रोपाची पानं कडेने तपकिरी झाली. मग कुरकुरीत, अगदी पापडासारखी. मला वाटलं पाणी कमी पडतंय. म्हणून दुसऱ्याला दिवसातून तीनदा पाणी घातलं. आठवड्यात त्याचं खोड खालून मऊ पडलं आणि वास यायला लागला. मुळं सडली होती. एक सुकून मेलं, एक पाण्याने मेलं. तिसरं मी कूलरसमोर ठेवलं, म्हटलं गारवा मिळेल. त्याची पानं तर दोन दिवसांत लोंबली.

मोठे बाबा म्हणजे माझे थोरले काका. खाणीत खाली काम करून रिटायर झालेत. ते खाटेवर बसून हे सगळं बघत होते. म्हणाले, "पोरी, खाली काम करताना घाम सुकत नव्हता, आंगावर तसाच राहे. वर आलं का दोन मिनिटात सुके. तुह्या झाडाचं तसंच हाय. ते ओल्या हवेतलं हाय, तू त्याले वर आणलं."

मी फोनवर हवामान उघडलं. तापमान 45, आर्द्रता 18 टक्के. न्यू गिनीच्या जंगलात बहुतेक वेळ आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला!

हे समजायला कूलर आठवा. विदर्भात मे महिन्यात कूलर मस्त गार हवा देतो, आणि जुलैत तोच कूलर नुसता चिकचिक करतो. का? मे मध्ये हवा कोरडी असते, ती पाणी झपाझप ओढून घेते. जुलैत हवाच ओली असते, ती आणखी पाणी घेत नाही. आता कूलरच्या ताटीच्या जागी बेगोनियाचं पान ठेवा. पान मऊ, रसाळ. पानावरच्या बारीक छिद्रांतून पाणी सतत बाहेर जातं. कोरडी हवा ते इतक्या वेगाने ओढते की मुळांना तेवढं वर पाठवता येत नाही. म्हणून कुंडीत पाणी असूनही पान सुकतं. आणि तुम्ही आणखी पाणी ओतलं, तर मातीतली हवा जाते आणि मुळं कुजतात. कूलरसमोर तर वाऱ्याचा झोत, म्हणजे सुकणं अजून जोरात.

मग आपली झाडं कशी जगतात? त्यांना झोपता येतं. साग, पळस उन्हाळ्याआधी पानं टाकून देतात. आपल्या महाराष्ट्रातही रानटी बेगोनिया आहे बरं का! सह्याद्रीच्या ओल्या कातळांवर पावसाळ्यात फिकट गुलाबी फुलांचा बेगोनिया क्रेनाटा उगवतो. पाऊस गेला की वरचं सगळं सुकून जातं आणि जमिनीखालचा छोटा कंद पुढच्या पावसापर्यंत गपगार पडून राहतो. न्यू गिनीच्या झुडपाला ही युक्ती येत नाही. जिथे बाराही महिने ओलावा, तिथे झोपायची गरजच कधी पडली नाही.

तिसऱ्या रोपाचं मी काय केलं? खोडाचा चांगला तुकडा घेतला, दोन-तीन पेरांचा. मोठं पान अर्धं कापलं, म्हणजे पाणी कमी उडेल. ओलसर कोकोपीटमध्ये खोचला. ओलसर म्हणजे मुठीत दाबलं तर पाणी गळायला नको. वरून लोणच्याची रिकामी पारदर्शक बरणी पालथी घातली. बरणीत हवा ओली राहते, पण ऊन लागलं तर तीच बरणी भट्टी होते. म्हणून ती ठेवली आमच्या मातीच्या भिंतींच्या खोलीत, माठाशेजारी जमिनीवर, खिडकीचा उजेड येईल पण ऊन येणार नाही अशी. रोज दहा मिनिटं बरणी उचलायची, नाहीतर बुरशी धरते.

त्या महिन्यात बचत गटाचा हप्ता आईने तेंदूपत्त्याच्या पैशातून भरला. पहाटे चारला उठून जंगलात जायची, दुपारी पुडे बांधायची. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

जुलैत पहिलं नवीन पान आलं. गुलाबी पट्ट्यांसकट! आईला हाक मारली. ती हात पुसत आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "एवढूशा पानासाठी एवढा खटाटोप?" पण दुसऱ्या दिवसापासून बरणी उचलायचं काम तिनेच घेतलं. आज, पोळा झाल्यावर हे रेकॉर्ड करतेय, तर माझ्याकडे चार रोपं आहेत. विकलं एकही नाही. एक पूर्ण उन्हाळा ती माझ्याकडे जगली, तरच विकणार. ज्याला देईन त्याला बरणीसकट देईन आणि खरं काय ते सांगून देईन. आईचे 2100 अजून माझ्याकडे बाकी आहेत.

तुम्ही ऑनलाइन झाड घेणार असाल तर तीन गोष्टी विचारा. हे मुळात कुठलं? तिथली हवा कशी? आणि हे नर्सरीत वाढवलंय की जंगलातून उपटलंय? शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर घेऊ नका. आणि सह्याद्रीत ट्रेकला गेलात, कातळावर तो गुलाबी बेगोनिया दिसला, तर फोटो काढा, कंद उपटू नका. त्याचं घर तो कातळच आहे.

तुमच्याकडे उन्हाळ्यात झाड वाचवायची काही घरगुती युक्ती असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवीन. चला, भेटू. काळजी घ्या, आणि माठाशेजारची जागा मोकळी ठेवा!