यादी यंत्राची, रान आपले

बियाणे चुकले, की वर्षाची भाकरी गेली. केंद्र सरकारच्या 'सीडनेट' या संकेतस्थळावर पिकाचे नाव घातले, की अधिसूचित वाणांची यादी समोर येते. पण आपले रान कसे, हे यंत्राला काय ठाऊक? म्हणून आधी कुदळ घ्या, मातीची खोली पाहा. रब्बी ज्वारीचेच उदाहरण. १ फुटापर्यंत माती असेल तर राहुरी विद्यापीठाची 'फुले अनुराधा'. २ फुटांहून खोल भारी रानाला 'फुले वसुधा'. ही वसुधा उशिरा येते. हलक्या रानात पेरलीत, तर ऐन दाणा भरताना ओल संपते अन् कणीस पोचट राहते.

गुरुजी, शाळेच्या संगणकावरची यादी गावाला वाचून दाखवा. निवड मात्र ज्याचे रान, त्यानेच करावी.