नाताळच्या भेटी आणि आहेराची वही

नाताळच्या भेटी म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे लाल टोपीवाला सांताक्लॉज आणि रंगीत कागदात गुंडाळलेले खोके येतात. माझ्या डोळ्यांपुढे मात्र दोनशे पानी हिशेबाची वही येते. आमचं कुटुंब वसईचं, ख्रिस्ती, केळी आणि फुलांच्या बागायतीवर वाढलेलं आणि मोठं. मोठं म्हणजे किती ते आधीच सांगून टाकते, कारण आजचा विषय आकड्यांचा आहे. सासूबाई, त्यांचे पाच मुलगे, दोन मुली, सुना-जावई मिळून मोठी माणसं पंधरा. नातवंडं सोळा. थोरल्या दिरांना चार, दुसऱ्यांना तीन, आम्हांला दोन, चौथ्यांना तीन, धाकट्यांना दोन, मोठ्या नणंदेला दोन. धाकट्या नणंदेला मूल नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

माझ्या लहानपणी नाताळला भेट म्हणून वेगळी वस्तू नसायची. एका ताग्यातून कापड घेतलं जाई आणि सगळ्या भावंडांचे कपडे त्यातूनच बेतले जात. मिस्सेला निघालो, की लांबून बँडपथकच चालल्यासारखं दिसे. करंज्या, कुलकुल, केक यांची ताटं रुमालाखाली झाकून शेजारी जात. हिंदू शेजाऱ्यांकडे तर आधी, कारण त्यांचा दिवाळीचा फराळ आपण खाल्लेला असे. खोक्यांतली भेट आमच्याकडे नंतर आली, टीव्ही आणि मोठमोठी दुकानं आल्यावर. तशी ती इंग्लंडातल्या घराघरांतही फार जुनी नव्हे. १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं सजवलेल्या झाडाभोवती उभं असलेलं चित्र आलं, आणि तिथल्या मध्यमवर्गानं ते झाड आणि त्याखालच्या भेटी उचलल्या.

आमच्याकडे २००४ पर्यंत ही पद्धत चांगलीच रुळली होती. प्रत्येक घरानं बाकीच्या घरांतल्या प्रत्येक मुलाला काहीतरी द्यायचं. भाव न ठरवताच ठरलेला होता, साधारण दोनशे रुपये. आता गणित पाहा. सोळा मुलं, प्रत्येकाला सहा घरांकडून भेट, म्हणजे शहाण्णव खोके. आमच्या धाकट्या नणंदेनं मात्र सोळाच्या सोळा मुलांना द्यायचं, म्हणून एकूण आकडा तेवढाच राहत असला तरी तो जाऊबाईंच्या आणि तिच्या वाट्याला सारखा येत नाही. थोरल्या घराला बारा मुलांना द्यायला लागत २४०० रुपये, आणि त्यांच्या चार मुलांच्या हातात येत ४८०० रुपयांच्या वस्तू. धाकटी नणंद देई ३२०० रुपये, आणि तिच्या घरी येई शून्य. ती एका अक्षरानं कधी बोलली नाही. पण हिशेब न बोलताही दिसतच असतो.

मोठ्या कुटुंबाच्या भेटींचं अंदाजपत्रक करायचं, तर पहिली गोष्ट ही, की किती खर्च होतो ते नंतर पाहावं. कुणावर किती पडतो ते आधी मांडावं. डोक्यांचा आणि घरांचा हिशेब एक नसतो.

दुसरी गोष्ट मी शिकले ती २००५ च्या नाताळात. त्या जूनमध्ये धाकट्या दिरांची कंपनी बंद पडली होती. डिसेंबरपर्यंत ते मिळेल ते काम करत होते. नाताळच्या दुपारी सगळं कुटुंब मोठ्या घरी जेवतं, हा रिवाज. त्या वर्षी निरोप आला, धाकट्याला ताप आहे, आम्ही येत नाही. जेवणं झाल्यावर सासूबाई डबा भरून त्यांच्याकडे गेल्या. ताप आलेला नातू अंगणात चेंडू मारत होता. सासूबाईंनी डबा ओट्यावर ठेवला, नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि परत आल्या. कुणाला काही विचारलं नाही. चौदा मुलांना दोनशे म्हणजे २८०० रुपये, हा गुणाकार चौथी शिकलेल्या त्या बाईंना करता येत होता. रिकाम्या हातानं भावाच्या घरी कसं जायचं, म्हणून माणूस सणाला आईच्या घरी येत नाही, आणि हे सगळं कशासाठी, तर चार दिवसांत चाकं निखळणाऱ्या प्लॅस्टिकच्या गाड्यांसाठी.

सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, त्यांनी सगळ्यांना बोलावलं. हा सण मागी लोकांचा. पूर्वेकडून तारा पाहत आलेल्या त्या ज्ञानी माणसांनी बाळ येशूला सोनं, ऊद आणि गंधरस दिला, असं मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. ती माणसं किती होती ते मात्र त्यात लिहिलेलं नाही. भेटी तीन, म्हणून राजे तीन, असं आपण नंतर धरलं. आणि सोनं कुणी आणलं, गंधरस कुणी आणला, हेही लिहिलेलं नाही. मायऱ्याच्या संत निकोलसची जी कथा सांगतात, ज्यावरून पुढे सांताक्लॉज झाला, तीही अशीच. एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्यानं रात्री गुपचूप पैसे टाकले. सासूबाईंनी एवढं पुराण सांगितलं नाही. त्यांनी बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा पुढे ठेवला. झाकणाला चीर पाडलेली होती. म्हणाल्या, ‘‘वर्षभर यात टाका. किती ते मला सांगू नका. पुढच्या नाताळला पोरांना जे मिळेल ते आजीचं.’’

डबा अल्तारच्या खोलीत ठेवला. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे जेवायला जमत. एकेक जण आत जाऊन प्रार्थना करून येई. कुणी काय टाकलं, टाकलं की नाही, हे पाहायला कुणी नसे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी डबा उघडला. ९,३५० रुपये निघाले. आदल्या वर्षीच्या १९,२०० च्या निम्म्याहूनही कमी. त्याची वाटणी अशी झाली. सोळा मुलांना प्रत्येकी ३५० प्रमाणे ५,६००. पंधरा मोठ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या करायच्या, ज्याला जी चिठ्ठी येईल त्यानं त्या माणसासाठी भेट आणायची, आणि त्यासाठीचे दीडशे रुपयेही डब्यातूनच, म्हणजे २,२५०. कागद, चिकटपट्टी, रिबिनी आणि गाडीभाडं ४००. हा शेवटचा खर्च लोक नेहमी विसरतात. उरलेले ११०० धर्मग्रामातल्या दोन घरांना.

मुलं खूश झाली का? मुळीच नाही. सहा खोक्यांची सवय लागलेल्या मुलासमोर एक खोका आला, की ते ‘एवढंच?’ असंच विचारतं, आणि आमच्याकडे ते मोठ्यानं विचारलं गेलं. दुसऱ्या वर्षीही विचारलं गेलं. तिसऱ्या वर्षी थोरल्यांच्या चौघांनी आपसांत ठरवून आजीला सांगितलं, की आम्हांला चार भेटी नकोत, चौघांत मिळून एक सायकल द्या. चौदाशे रुपयांत जुनी सायकल मिळाली. ती पुढे आळीतल्या किती पोरांनी चालवली त्याची गणती नाही.

त्याच वर्षी चौथे दीर आखातातून आले ते सगळ्यांसाठी अत्तराच्या बाटल्या घेऊन. नियम असा होता, की वरून कुणी भर घालायची नाही. सासूबाईंनी बाटल्या प्रेमानं घेतल्या, कपाटात ठेवल्या आणि ईस्टरला वाटल्या.

आता खरेदीबद्दल. दिवाळी झाली, की दुकानदार उरलेला माल काढायला बघतात. त्या पंधरवड्यात आम्ही दोघी-तिघी जावा क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रहमान स्ट्रीटला जातो, आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळची गर्दी ओसरल्यावर विरारची गाडी पकडून. मुलांना बरोबर न्यायचं नाही. डझनाच्या भावाला भुलायचं नाही. डझनाचा भाव स्वस्त असतो, पण बारा मुलांना बारा सारख्या कंपासपेट्या म्हणजे भेट नव्हे, शाळेतलं वाटप झालं. सोबत वही असतेच. तिच्यात नाव, वय, गेल्या वर्षी काय दिलं, त्याचं काय झालं. ‘रंगपेटी. शाळेत नेली, हरवली.’ ‘बाहुली. अजून आहे.’ अशा नोंदी.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आहेराची वही असेल. लग्नात कुणी किती घातले ते लिहून ठेवायचं, म्हणजे त्यांच्या कार्याला तेवढेच किंवा वर एक रुपया घालून परत करता येतात. ती वही वाईट नाही. लग्नाचा बोजा आळीनं मिळून उचलायचा, आणि प्रत्येकाची पाळी येतेच, असा तिच्यामागचा व्यवहार आहे. पण तोच व्यवहार नाताळच्या झाडाखाली आणला, की दरवर्षी दरेकाची पाळी, आणि ज्याच्या घरी मूल नाही त्याची पाळी कधीच नाही. म्हणून आमच्या वहीत घेणाऱ्याचा रकाना आहे, देणाऱ्याचा नाही.

जोएल वॉल्डफोगल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९९३ मध्ये नाताळच्या भेटींवर एक निबंध लिहिला, तो गाजला. त्यानं येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुम्हांला मिळालेल्या वस्तूंची तुमच्या लेखी किंमत किती? उत्तरांवरून त्यानं मांडलं, की भेटीच्या किमतीचा दहावा ते तिसरा हिस्सा वायाच जातो. त्यातही मित्रांच्या भेटी बऱ्या, सगळ्यांत वाया जाणाऱ्या म्हणजे आजी-आजोबा, काका-आत्यांच्या! आत्या म्हणून मला हे झोंबलं, काकू म्हणून पटलं. आपण ज्या मुलाला वर्षातून चारदा बघतो त्याला काय हवं ते आपल्याला कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर रोख पैसे द्या, हा प्राध्यापकांचा रोख. आम्ही मध्यममार्ग काढला. दहावीच्या पुढच्या मुलांना पाकीट, धाकट्यांना वस्तू. पहिला पगार झाला, की मूल मुलांच्या यादीतून चिठ्ठ्यांत येतं.

पैसे वर्षभर साठवायचे तर कुठे, हाही प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये फेअरपॅक नावाची एक कंपनी नाताळच्या खरेदीसाठी लोकांकडून दर महिन्याला पैसे घेत असे. ऑक्टोबर २००६ मध्ये, ऐन सणाच्या तोंडावर ती बुडाली, आणि लाखाहून अधिक गरीब-मध्यमवर्गीय ग्राहकांचे पैसे अडकले. भिशी काय किंवा अशी योजना काय, पैसे सांभाळणाऱ्याला आपण ओळखतो का, हे आधी पाहावं. आमच्या डब्यातली रक्कम फार साठली, की ती मध्येच बँकेत जाते. वेगळं घर असेल, तर बँकेची बारा महिन्यांची आवर्त ठेव जानेवारीत सुरू करावी. ती डिसेंबरात नाही पण जानेवारीत हाती येते, म्हणून खरं तर ऑक्टोबरात किंवा नोव्हेंबरात सुरू करणं बरं.

आणि भेटी हा नाताळच्या खर्चाचा छोटा भाग आहे, हेही सांगायला हवं. केकचं लोणी, सुका मेवा, मांस-मच्छी, कपडे, गोठ्याची आरास, कंदील हे सगळं भेटींच्या कितीतरी वर जातं. शिवाय आमच्याकडे आगमनकाळात लग्नं होत नाहीत, ती थांबलेली असतात. नाताळ झाला रे झाला, की वसईत बँड वाजू लागतात आणि आहेराची खरी वही उघडते. ज्यानं पंचवीस डिसेंबरलाच खिसा झाडला, त्याला जानेवारी फार लांबलचक वाटतो.

सासूबाई २०१७ मध्ये गेल्या. डबा आणि वही आता धाकट्या नणंदेकडे आहे. तो तिनं मागितला नव्हता, सगळ्यांनी मिळून दिला. नातवंडांतली काही आता कॅनडात, काही दुबईत. त्यांचं म्हणणं, की हा डबा कशाला, मोबाइलवरून पाठवतो. एकदा तसं करूनही पाहिलं. पण मोबाइलवर पाठवणाऱ्याचं नाव येतं आणि रक्कमही येते. तेव्हा परदेशातल्यांनी इथल्या आपापल्या माणसाला पाठवावं आणि त्यानं ते रोख टाकावेत, असं ठरलं. त्यातही गेल्या वर्षी डब्यात पाचशेच्या नोटा निघाल्या. कुणाच्या ते सगळ्यांनाच कळलं. नणंदबाईंनी डब्याच्या झाकणावर चिठ्ठी डकवली आहे, शंभराच्या वरची नोट टाकू नये, सुटे करून आणावेत.